जुना लॅपटॉप अपडेटनंतर हँग होतोय, फॉरमॅट न मारता काही करता येईल का?

दुधनाकाठ
नमस्कार मंडळी. सेलूला आमचं डीटीपी आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लॅपटॉप जुनाच आहे, आय३ पाचव्या जनरेशनचा, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क, विंडोज १०. इतकी वर्षं मोबाईलच्या हॉटस्पॉटवर नेट चालवायचो म्हणून कनेक्शन मीटर्ड करून ठेवलेलं, त्यामुळं मोठं अपडेट कधी आलंच नाही, १९०९ व्हर्जनवर निवांत काम चालू होतं. आता गल्लीत फायबर आलं, ते दुकानात घेतलं अन् लगेच विंडोज १० चं २२एच२ व्हर्जन डाउनलोड होऊन इन्स्टॉल व्हायला लागलं. त्यात मधीच लाईट गेली आणि बॅटरी तर कधीचीच संपलेली, लॅपटॉप डायरेक्ट अॅडॉप्टरवर चालतो. लाईट आल्यावर चालू केला तर बराच वेळ चाक फिरत राहिलं आणि शेवटी अपडेट झालं एकदाचं.

तेव्हापासून ताप सुरू झालाय. चालू होतो, पासवर्ड टाकला की डेस्कटॉप यायलाच चहा पिऊन होतो, मग पाच-दहा मिनिटं बरा चालतो आणि एकदम गप्प. माऊसचा बाण हलतो पण कुठंच क्लिक लागत नाही. कधी दोन-तीन मिनिटांनी आपोआप सुटतो, कधी पॉवरचं बटन दाबून धरावं लागतं.

फॉरमॅट मारायला मी भितोय त्याचं कारण सांगतो. यात पत्रिका जुळवायचं पेजमेकर आहे अन् जुन्या मराठी फॉन्टचं डोंगलवालं, म्हणजे लायसनची चावी लावली तरच चालणारं, सॉफ्टवेअर आहे. डोंगल हाय, पण त्याची सीडी कुठं गेली देव जाणे, ज्यांच्याकडून घेतलं त्यांनी दुकान बंद केलंय. लग्नसराई तोंडावर आलीय, पंचक्रोशीतल्या पत्रिकांचे सगळे मसुदे यातच. एक फाईल उघडायची म्हणलं तरी जीव धाकधूक करायलाय. कोणाला काही सुचत असेल तर सांगा.

बालाघाट०२
दादा सरळ फॉरमॅट मारा, विंडोज नवीन टाका. अपडेटच्या मधी लाईट गेली म्हणजे फाईली करप्ट झाल्या असणार, त्याला दुसरा इलाज नाही. बीडला आमच्या इथं तासाभरात करून देतात. डेटा डी ड्राईव्हला टाका अन् सी उडवा.

पूर्णा_जंक्शन
विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून बघा काका, जुन्या मशीनवर पळतं. मी कॉलेजचं सगळं त्यावरच करतोय.

दुधनाकाठ
@पूर्णा_जंक्शन बाळा, पेजमेकर अन् डोंगल लिनक्सवर चालंल का? मला नाही वाटत. @बालाघाट०२ भाऊ फॉरमॅट तर शेवटचा उपाय, वर लिहिलंय ना कामून नको ते.

नांदेडी_पेचकस
थांबा थांबा, फॉरमॅटचं नाव काढू नका आधी. मी वजिराबादला रिपेरिंगच करतो, अशी केस दर महिन्याला येते, अन् त्यातल्या निम्म्या लोकांचा डेटा फॉरमॅट मारण्याच्या नादात जातो हे बघून जीव तुटतो म्हणून लांबलचक लिहू लालोय, वाचा.

बाण हलतो पण क्लिक लागत नाही अन् दोन-तीन मिनिटांनी सुटतं, हे तुम्ही लिहिलं ते लई कामाचं आहे. हँग हँग सगळे म्हणतात पण त्यात दोन जाती आहेत. एकात बाण पण जागच्या जागी थांबतो, कॅप्स लॉक दाबलं तर त्याचा लाईट बदलत नाही, गाणं चालू असलं तर एकच सूर घरघरत राहतो. ती मशीन खरंच थांबलेली असते, तिथं रॅम, गरमी, बोर्ड असलं काही बघावं लागतं. दुसऱ्यात बाण हलतो, कॅप्स लॉकचा लाईट लागतो-विझतो, म्हणजे प्रोसेसर जिवंत आहे, तो कशाची तरी वाट बघत बसलाय. जुन्या लॅपटॉपात ही वाट बहुतेक वेळा हार्ड डिस्कची असते.

तर आता एवढंच करा. चालू झाल्या झाल्या कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर येईल, त्यात परफॉर्मन्स, त्यात डिस्क. १०० टक्के दाखवंल ते जाऊ द्या, अपडेटनंतर काही दिवस १०० दाखवतंच, विंडोज आतल्या आत फाईलींची यादी परत बनवतं, जुनं-नवं आवरतं. तुम्ही खाली दोन आकडे बघा, रीड-राईटचा स्पीड आणि ॲव्हरेज रिस्पॉन्स टाईम. १०० टक्के आहे आणि स्पीड ४०-५० एमबी चाललाय तर डिस्क काम करतीय, रात्रभर चालू ठेवा, आपोआप शांत होईल. पण १०० टक्के आहे आणि स्पीड शून्याच्या आसपास अन् रिस्पॉन्स टाईम हजार-दोन हजार मिलीसेकंदाच्या वर जाऊ लालाय, तर डिस्कला वाचताच येईना झालंय. फोटो टाका त्याचा.

आणि हो, चेकडिस्क, म्हणजे डिस्क तपासून दुरुस्त करायची विंडोजची कमांड, मारू नका अजून. कोणीतरी येऊन सांगणारच आहे.

बालाघाट०२
चेकडिस्क कामून नको? त्यानंच तर बॅड सेक्टर, म्हणजे डिस्कवरच्या खराब जागा, निघतात ना.

नांदेडी_पेचकस
निघत नाहीत भाऊ, त्या जागा वापरू नको असं विंडोज फक्त लिहून ठेवतं. अन् ते शोधायला पूर्ण डिस्क ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत वाचतं, खराब जागेवर परत परत डोकं आपटतं. मरायला टेकलेल्या डिस्कला हे दिलं की ती त्यातच जाते. वर फाईल सिस्टीम दुरुस्त करताना अर्धवट फाईली कापून टाकतं ते वेगळंच. आधी डेटा बाहेर काढायचा, मग नवीन डिस्कवर चेकडिस्क, हा क्रम बदलायचा नाही.

दुधनाकाठ
बघितलं सर. फोटो चढंना पण आकडे लिहून घेतलेत. १०० टक्के, रीड स्पीड कधी शून्य कधी २०० केबी, रिस्पॉन्स टाईम ४००० च्या पुढं गेलता. हँग झाला की हा आकडा वाढत जातो अन् सुटला की एकदम खाली येतो.

एक विचारू का, सर्व्हिसेसमधी जाऊन सिसमेन अन् विंडोज सर्च बंद करा असं एका व्हिडिओत सांगितलंय, ते करू का?

लातूरची_मास्तरीण
त्या दोन सर्व्हिस बंद केल्या तर डिस्कवरचा ताण थोडा कमी होईल, करायला हरकत नाही, पण दुखणं तिथं नाहीये. ४००० मिलीसेकंद म्हणजे एका तुकड्यासाठी चार सेकंद थांबणं, धडधाकट फिरत्या डिस्कला त्याच कामाला दहा-वीस मिलीसेकंद लागतात. पेचकस दादा बरोबर दिशेनं चाललेत.

मी लातूरला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते, आमच्या लॅबमधेही हेच झालं होतं म्हणून पुढचं सांगते. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात सिस्टीम. हँग झाला त्या वेळेच्या आसपासच्या पिवळ्या-लाल ओळी बघा. सोर्समधे डिस्क आणि आयडी ७ असेल तर डिस्कवर बॅड ब्लॉक सापडलाय. १५३ म्हणजे वाचायची विनंती परत करावी लागली. १२९ म्हणजे डिस्कनं उत्तरच दिलं नाही म्हणून विंडोजनं तिला रिसेट केलं. कर्नल-पॉवर ४१ पण दिसेल तुम्हाला, त्याला घाबरू नका, ते फक्त मशीन नीट बंद न होता बंद झाली एवढंच सांगतं, लाईट गेली तरी येतं आणि तुम्ही बटन दाबून धरलं तरी येतं. आपल्याकडं तर प्रत्येकाच्या लॉगमधे तेच भरलेलं असतं.

दुसरं, डिस्कची तब्येत दाखवणारं क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं छोटं फुकटचं सॉफ्टवेअर दुसऱ्या मशीनवरून पेनड्राईव्हमधे घ्या, पोर्टेबल व्हर्जन, इन्स्टॉल करायला नको म्हणजे त्या डिस्कवर नवीन काही लिहावं लागणार नाही. त्यात ०५, सी५ आणि सी६ ह्या तीन ओळींचा रॉ व्हॅल्यूचा रकाना वाचा. ०५ म्हणजे खराब झाल्यावर बदललेले सेक्टर, सी५ म्हणजे वाचता येईनात पण अजून बदललेले नाहीत असे, सी६ म्हणजे हात टेकलेले. तिथं हेक्समधे, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या पटीत, आकडे असतात, म्हणजे १० दिसलं तर ते सोळा. सी७ वाढलेला असेल तर मात्र डिस्कपेक्षा केबल किंवा कनेक्टरवर संशय घ्यायचा.

सरकीढेप
धाग्यात मधीच घुसतो, माफ करा. जालन्याला जिनिंगमधी काट्यावर बसतो, तिथल्या लॅपटॉपला पण अपडेट आल्यापासून हेच होऊ लागलंय. पण आमचा सकाळी चांगला चालतो, दुपारी बारा-एक वाजले की जागीच थांबतो, बाण पण हलत नाही. कॅप्स लॉकचा लाईट पण नाही बदलत. आपोआप सुटत नाही, बंदच करावा लागतो. हाताला लई गरम लागतो. आमची पण डिस्कच गेली का?

नांदेडी_पेचकस
@सरकीढेप नाही, तुमची ती पहिली जात आहे, बाण पण थांबतो ती. सकाळी चालतो दुपारी मरतो, वर जिनिंग. मला तर न उघडता दिसू लालंय की पंख्याच्या पुढच्या जाळीत कापसाच्या तंतूंची गादी बसली असणार. धूळ झटकली की उडते, तंतू एकमेकांत गुंतून बसतात. पंखा फिरल्याचा आवाज येतो म्हणून लोकांना वाटतं हवा निघू लालीय, पण बाजूच्या फटीला हात लावून बघा, झोत जाणवणार नाही. अपडेट झाल्यावर मशीन काही दिवस आतून राबते, त्यानं गरमी आणखी वाढते, म्हणून अपडेटनंतरच लक्षात आलं.

कोणाकडून तरी उघडून घ्या, तंतू चिमट्यानं काढायला लावा, प्रोसेसरवरची पेस्ट नवीन लावा. ब्लोअर मारणार असाल तर पंख्याची पाती बोटानं धरून मारा, नाहीतर तो जोरात फिरून बेअरिंग जातं. अन् लॅपटॉप काट्याच्या टेबलावर कागदाच्या गठ्ठ्यावर ठेवू नका, खालून हवा घेऊ द्या त्याला. मे महिन्यात पारा ४२ च्या वर गेल्यावर तुमच्या त्या पत्र्याच्या केबिनमधी तर त्याला श्वासच घेता येणार नाही.

सरकीढेप
हाव, पत्र्याचीच केबिन आहे. संध्याकाळी उघडून घेतो.

दुधनाकाठ
मॅडम, सर, दोन्ही बघितलं. इव्हेंटमधी ७ आणि १५३ नुसते रांगेनं आहेत, १२९ पण आहे. अन् एक गोष्ट दिसली ती तुम्हाला सांगायलाच पाहिजे. आयडी ७ च्या ओळी अपडेटच्या आधीपासूनच्या आहेत! चांगल्या दोन-तीन महिन्यांपूर्वीच्या. तेव्हा हँग होत नव्हता, फक्त एखादी मोठी फाईल उघडायला वेळ लागायचा, मला वाटायचं फोटो जड आहेत म्हणून असेल.

क्रिस्टलडिस्कइन्फोत वर पिवळं कॉशन आलंय. सी५ ला शेवटी ए८ आहे. सी६ ला पण काही आहे. सी७ शून्य.

लातूरची_मास्तरीण
ए८ म्हणजे १६८. एवढे सेक्टर वाचता येत नाहीयेत. आणि आयडी ७ जुने आहेत हे तुम्ही शोधलंत ते फार चांगलं केलंत, कारण त्यातूनच सगळं उलगडतं.

१९०९ वरून २२एच२ ला जाणं म्हणजे मोठं अपडेट. २००४ किंवा त्यापुढच्या व्हर्जनवरून २२एच२ ला जायला लहानसं पॅकेज लागतं, पण १९०९ वरून जवळपास पूर्ण विंडोजच नवीन बसवलं जातं आणि जुनं विंडोज डॉट ओल्ड नावाच्या फोल्डरमधे बाजूला ठेवलं जातं. म्हणजे डिस्कच्या ज्या भागात गेली काही वर्षं कोणी फिरकलंही नव्हतं तिथं एकदम कितीतरी जीबी लिहिलं गेलं. विंडोजच्या रोजच्या वापरातल्या फाईलीच आता दुबळ्या जागी जाऊन बसल्या. आधी तुमच्या एखाद्या जुन्या फोटोच्या खाली खराब सेक्टर होता, आता तो सिस्टीमच्या फाईलीखाली आहे, आणि ती फाईल दर मिनिटाला लागते.

म्हणून मागच्या व्हर्जनला परत जायचं ते गो बॅकचं बटनही दाबू नका. दहा दिवसांच्या आत असाल तर ते बटन दिसेल आणि मोह होईल. पण परत जाणं म्हणजे तेवढीच सगळी हलवाहलव पुन्हा, त्याच डिस्कवर. मधेच अडकलं तर ना हे ना ते.

बालाघाट०२
मॅडम हे पटलं. म्हणजे फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकलं असतं तरी महिन्याभरात परत हेच झालं असतं.

लातूरची_मास्तरीण
हो, आणि मधल्या काळात डेटा गेला असता. दुधनाकाठ दादा, आता लॅपटॉप बंद करा आणि नवीन डिस्क येईपर्यंत चालू करू नका. प्रत्येक वेळी चालू केला की ती आणखी झिजतेय. अगदीच अडलं असेल तर चालू पत्रिकांचं फोल्डर तेवढं पेनड्राईव्हवर घ्या, बाकी काही उघडू नका.

दुधनाकाठ
बंद केला मॅडम. लग्नाच्या चार पत्रिका निघाल्या पेनड्राईव्हवर, पाचवीला अडकला तिथंच सोडून दिलं.

आता पुढं कसं? नवीन डिस्क कोणती घेऊ? अन् ते डोंगलवालं सॉफ्टवेअर जसंच्या तसं येईल का हो? माझा सगळा जीव त्यात अडकलाय.

नांदेडी_पेचकस
येईल. डिस्क जशीच्या तशी क्लोन करायची, म्हणजे विंडोज, पेजमेकर, फॉन्ट, डोंगलचा ड्रायव्हर, सगळं सेक्टरला सेक्टर उचलून नव्यात. लायसन डोंगलमधी असतं, त्यामुळं डिस्क बदलली तरी त्याला बहुतेक कळत पण नाही.

एसएसडी, म्हणजे आत फिरती तबकडी नसलेली डिस्क, घ्या, अडीच इंची साटा. इथं एक खड्डा आहे, त्यात लई लोक पडतात. दुकानदार ४८० जीबीची देईल, स्वस्त पडते, मिळते पण तीच. तुमची जुनी ५०० ची आहे, ४८० त्याच्यापेक्षा लहान, सेक्टरला सेक्टर क्लोन तीत मावणारच नाही. ५०० किंवा ५१२ जीबीचीच मागा. सोबत यूएसबीची साटा केबल किंवा डबी घ्या. परभणीत मिळंल.

क्लोन विंडोजमधी बसून करू नका. विंडोज चालू आहे तोवर ते स्वतःच डिस्कला खाऊ लालंय. पूर्णाच्या पोराचं लिनक्स इथं कामाला येतं बघा. मिंट पेनड्राईव्हवर टाकायचं, त्यावरून चालू करायचं, इन्स्टॉल नाही करायचं, अन् डीडीरेस्क्यू वापरायचं. @पूर्णा_जंक्शन तुला येतं का रे, जवळच आहेस तू.

पूर्णा_जंक्शन
येतं सर. काका मी रविवारी येतो सेलूला, रेल्वेनं तासा-दीड तासाचं तर आहे. मिंटचा पेनड्राईव्ह माझ्याकडं आहे.

इथं लिहून ठेवतो म्हणजे दुसऱ्या कोणाला पण कामाला येईल. साधी कॉपी किंवा नेहमीचं क्लोनिंग सॉफ्टवेअर खराब सेक्टर आला की तिथंच झगडत बसतं नाहीतर एरर देऊन थांबतं. डीडीरेस्क्यू आधी सगळा चांगला भाग भराभर उचलतं, खराब जागा ओलांडून पुढं जातं अन् शेवटी परत येऊन त्या जागांवर थोडं थोडं प्रयत्न करतं. म्हणजे डिस्क मधीच मेली तरी तोवर जास्तीत जास्त हाती लागलेलं असतं.

आणि त्याला मॅपफाईल द्यायची. कुठपर्यंत आलो, कुठं राहिलं ते सगळं तो त्यात लिहीत जातो, बंद पडलं तर तिथूनच पुढं चालू करता येतं. पण ही मॅपफाईल दुसऱ्या पेनड्राईव्हवर ठेवायची. लाईव्ह मिंटच्या डेस्कटॉपवर ठेवली तर ती रॅममधी असते, लाईट गेली की गेली.

लातूरची_मास्तरीण
मॅपफाईलचं शाबास! हे भल्याभल्यांना सुचत नाही.

आणखी एक, बाळा. कोणती डिस्क जुनी आणि कोणती नवी हे कमांड देण्याआधी साईज आणि मॉडेल नंबर वाचून दोघांनी मिळून खात्री करा. उलटं झालं तर रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरेल आणि मग कुणीच काही करू शकणार नाही. कागदावर लिहून घ्या, मगच एंटर.

आणि इन्व्हर्टर असेल त्याच्यावर जोडा. लॅपटॉपला बॅटरी नाहीये हे विसरू नका.

सरकीढेप
आमचा उघडला. पेचकस दादा तुम्ही म्हणले तसंच, अक्षरशः वाती वळता येतील एवढा कापूस निघाला आतून. साफ केला, पेस्ट लावली, आज दुपारभर चालू आहे, एकदा पण थांबला नाही. अपडेट काढून टाकायला निघालतो मी! आता खाली लाकडी पट्ट्या लावून उंच केलाय. लई उपकार झाले.

नांदेडी_पेचकस
चांगलं झालं. सीझन चालू आहे तोवर पंधरा दिवसाला एकदा फटीतून बघत जा.

दुधनाकाठ
मंडळी, झालं काम. सविस्तर सांगतो.

पोरगा रविवारी सकाळच्या गाडीनं आला. मी ५१२ ची एसएसडी अन् केबल परभणीहून आणून ठेवलती. दोघांनी मॉडेल नंबर कागदावर लिहून घेतले, मग चालू केलं. पहिला भाग सुरळीत गेला, मधी जाऊन एकदम रांगायला लागलं, नंतर परत पळालं. दुपारी लाईट गेली, इन्व्हर्टरनं धरलं थोडा वेळ पण त्यानं पण मान टाकली. मी तर डोक्याला हात लावून बसलो, पोरगा म्हणला काका घाबरू नका मॅपफाईल आहे. लाईट आल्यावर खरंच तिथूनच पुढं सुरू झालं! रात्री उशिरापर्यंत चाललं, पोरगा मुक्कामालाच राहिला, घरच्यांनी त्याला सोडलाच नाही. शेवटी काही केबी तेवढे उरले जे वाचताच आले नाहीत.

नवीन डिस्क आत बसवली, चालू केला अन् पेजमेकर उघडलं. डोंगल लावलं, फॉन्ट सगळे जागच्या जागी. पाचवी पत्रिका पण उघडली. आमच्या मंडळींनी साखर वाटली गल्लीत.

मॅडम, पेचकस सरांनी सांगितलेलं चेकडिस्क आता नव्या डिस्कवर मारलं, त्यानं काहीबाही दुरुस्त केलं. आता बाकी काय करू? अन् एक बारीक तक्रार राहिलीय, नेटवर व्हिडिओ लावला की कधी कधी स्क्रीन काळी होऊन परत येते. पहिल्यासारखं हँग नाही, पाच-सात सेकंदच.

लातूरची_मास्तरीण
वाचून फार बरं वाटलं! पोराचे खास आभार.

आता कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून डिझमची रिस्टोअर हेल्थ आणि त्यानंतर एसएफसी स्कॅननाऊ ह्या विंडोजच्या फाईली दुरुस्त करायच्या दोन कमांड चालवा, याच क्रमानं. जे थोडे केबी आले नाहीत ते एखाद्या सिस्टीम फाईलचे असतील तर ती नीट होईल. नेट चालू ठेवा, डिझमला लागतं.

काळी होऊन परत येणारी स्क्रीन मात्र अपडेटमुळेच असू शकते. इव्हेंट व्ह्यूअरमधे डिस्प्ले सोर्सचा ४१०१ बघा, असेल तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर अडकून परत उभा राहतोय. मोठ्या अपडेटमधे विंडोज कधीकधी आपल्या मनानं ड्रायव्हर बदलून टाकतं. डिव्हाईस मॅनेजरमधे डिस्प्ले ॲडॉप्टर, प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, तिथं रोल बॅक. ते करडं असेल, दाबता येत नसेल, तर लॅपटॉपच्या कंपनीच्या साईटवर तुमच्या मॉडेलचा ड्रायव्हर असतो तो उतरवून घाला. तोवर स्क्रीन अडकली तर विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी एकत्र दाबा, ग्राफिक्स रिसेट होतं, उघडलेलं काम जात नाही.

दुधनाकाठ
४१०१ होताच मॅडम. रोल बॅक दबत होतं, केलं, कालपासून एकदाही काळी झाली नाही.

बालाघाट०२
दादा आता विंडोज ११ टाकता येईल की, एसएसडी आली.

नांदेडी_पेचकस
नाही येत भाऊ. ११ ला इंटेलची आठवी जनरेशन अन् टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, हा पाचवीचा आहे. आडमार्गानं टाकतात लोक, पण धंद्याच्या मशीनवर मी कोणाला टाकून देत नाही, पुढच्या अपडेटला कधी अडवंल सांगता येत नाही. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, पण जादा सुरक्षा अपडेटची योजना आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची, सेटिंगमधी अपडेटच्या पानावर नाव नोंदवायचं. त्याला २२एच२ च लागतं. तेव्हा आलेलं ते अपडेट वाया नाही गेलं.

त्यापुढं माझं मत असं, हा लॅपटॉप फक्त डीटीपीला ठेवा, नेट तोडून टाका. पेजमेकरचं शेवटचं ७.० व्हर्जन २००१ चं, त्याला नेटची गरजच नाही. बँक, ईमेल, ऑनलाईन फॉर्म भरायला दुसरी मशीन बघा. रॅम वाढवायची असेल तर ४ ची ८ करा, फक्त आत कोणती आहे ते उघडून बघून घ्या, पाचव्या जनरेशनला बहुतेक डीडीआर३एल लागते, ती एल नसलेली साधी चालत नाही. अन् पहिले बॅटरी टाका.

दुधनाकाठ
बॅटरी सांगितलीय सर, येईल परवा. अन् आता दर शनिवारी पत्रिकांचं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर घ्यायचं ठरवलंय, पोराला बसवूनच ठेवलंय त्या कामाला.

शेवटचं एक. ती जुनी डिस्क भंगारवाल्याला देऊन टाकू का? तो वजनावर घेतो म्हणला.

लातूरची_मास्तरीण
देऊ नका! झेरॉक्सचं दुकान आहे तुमचं. त्यात किती लोकांचे आधार, सातबारा, पासबुकचे स्कॅन असतील विचार करा. विंडोजला वाचता येत नाही म्हणजे कोणालाच वाचता येत नाही असं नाही, आपण आत्ताच त्यातून जवळपास सगळं काढलं की. महिनाभर ती जपून ठेवा, क्लोनमधे एखादी फाईल खराब निघाली तर मॅपफाईल घेऊन परत प्रयत्न करता येईल. ती मॅपफाईल पण पुसू नका.

नांदेडी_पेचकस
महिन्यानंतर ड्रिलनं आरपार तीन-चार भोकं पाडा, वरच्या लेबलच्या बाजूनं, आतली तबकडी फुटली-चिरली पाहिजे. काही तबकड्या काचेच्या असतात, डोळ्यावर चष्मा अन् वरून फडकं टाकून पाडा. मग द्या भंगारात.

दुधनाकाठ
बरं सर. डब्यात घालून कपाटात ठेवली, वर तारीख लिहिली.